पगाराची तारीख

मेजर लीग बेसबॉलमध्ये प्रत्येक संघ एका हंगामात १६२ सामने खेळतो, त्यांतले निम्मे परगावी. त्यामुळे खेळाडूंचा निम्मा हंगाम हॉटेलांत जातो. त्यातही पिचरची गोष्ट निराळी. चेंडू फेकून खांदा एवढा शिणतो की डावाची सुरुवात करणारा पिचर एकदा खेळला की पुढचे चार दिवस बहुधा बसून असतो. कर्ट शिलिंग या पिचरने हा रिकामा वेळ कॉम्प्युटरसमोर घालवला. १९९९ मध्ये आलेल्या ‘एव्हरक्वेस्ट’ या खेळाने त्याला झपाटलं होतं. हा खेळ म्हणजे एक अख्खं काल्पनिक जग. हजारो माणसं आपापल्या घरून त्यात एकाच वेळी शिरतात, टोळ्या करून राक्षसांशी लढतात, हत्यारांचा व्यापार करतात, नाव कमावतात. तुम्ही कॉम्प्युटर बंद करून झोपलात तरी ते जग चालूच राहतं. अशा खेळांना ‘एमएमओ’ म्हणतात.

या वेडातून पुढे एक कंपनी निघाली. सहा वर्षांत तिने एक खेळ बाजारात आणला, दुसरा अर्धवट ठेवला, एका राज्य सरकारला खड्ड्यात घातलं आणि सुमारे पावणेचारशे माणसांना एका ई-मेलवर घरी पाठवलं. खेळ आपटला म्हणून कंपनी बुडाली, अशा गोष्टी या धंद्यात पुष्कळ आहेत. ही त्यांतली नाही. बाजारात आलेला खेळ बरा होता आणि खपतही होता.

शिलिंग कोण, हे भारतीय वाचकाला सांगायला हवं. बोस्टनच्या रेड सॉक्स संघाने १९१८ नंतर ८६ वर्षं अजिंक्यपद जिंकलं नव्हतं. २००४ च्या उपांत्य मालिकेत त्यांची गाठ न्यूयॉर्क यांकीजशी पडली, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वैऱ्याशी. शिलिंगच्या घोट्याचा स्नायुबंध सुटला होता. डॉक्टरांनी तो तात्पुरता टाके घालून जागेवर बसवला आणि शिलिंग सहाव्या सामन्यात उतरला. खेळता खेळता मोज्यावर रक्त उमटलं, कॅमेऱ्यांनी ते जगाला दाखवलं, सामना बोस्टनने जिंकला आणि पुढे अजिंक्यपदही. तो रक्ताळलेला मोजा अमेरिकी खेळाच्या इतिहासात जाऊन बसला. बोस्टन ज्यात येतं त्या न्यू इंग्लंड भागात त्यानंतर शिलिंगला नाही म्हणणं अवघड होतं. त्याच्या जर्सीचा नंबर होता ३८.

२००६ मध्ये त्याने बोस्टनजवळच्या मेनार्ड या गावात कंपनी काढली. पहिलं नाव ‘ग्रीन मॉन्स्टर गेम्स’; रेड सॉक्सच्या मैदानातल्या उंच हिरव्या भिंतीचं हे टोपणनाव. वर्षभरातच ते बदलून ‘३८ स्टुडिओज’ झालं. वेळ मोहाचीच होती. २००४ च्या नोव्हेंबरात ब्लिझर्ड कंपनीचा ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ आला होता आणि त्याने या धंद्याचं गणितच बदललं होतं. खेळाची पेटी एकदा विकत घ्यायची आणि वर दरमहा सुमारे १५ डॉलर भरायचे. २०१० मध्ये त्याचे वर्गणीदार १ कोटी २० लाखांवर पोचले. असा आकडा पाहिल्यावर अनेक शहाण्या माणसांची झोप उडाली. शिलिंग तर आधीच जागा होता.

त्याने गोळा केलेली माणसं नावाजलेली होती. काल्पनिक कादंबऱ्यांचा लोकप्रिय लेखक आर. ए. साल्वातोरे याने ‘अमालुर’ नावाच्या जगाचा दहा हजार वर्षांचा इतिहास रचायला घेतला. ‘स्पॉन’ कॉमिकचा निर्माता टॉड मॅकफार्लेन दृश्यरूपाची बाजू पाहू लागला. मोठ्या स्टुडिओंतले अनुभवी लोक आले. खेळाचं अंतर्गत नाव ठरलं ‘कोपर्निकस’. शिलिंग मालक म्हणून उदार होता. आरोग्यविमा उत्तम, सोयी उत्तम, स्थलांतराचा खर्च कंपनीचा. तिथे काम केलेल्यांपैकी बरेच जण आजही त्या दिवसांबद्दल प्रेमाने बोलतात, आणि त्यात मला विसंगती वाटत नाही. सवय मात्र बेसबॉलची होती. तिथे संघ उभा करताना सर्वोत्तम खेळाडू आणायचे, त्यांना काही कमी पडू द्यायचं नाही, बाकी पैशाचं मालक बघतो. इथे मालक तो स्वतःच होता.

आता हिशेब. एमएमओ बनवणं हे एक खेळ बनवण्यापेक्षा कितीतरी मोठं काम. नुसती शहरं, जंगलं, गुहा रंगवून भागत नाही. हजारो खेळाडूंना एकाच वेळी पेलणारे सर्व्हर लागतात, एकाने विकलेली तलवार दुसऱ्याच्या हाती नेमकी पोचावी यासाठी प्रचंड हिशेबी यंत्रणा लागते, खेळ सुरू झाल्यावर रात्रंदिवस मदतनीस लागतात. चित्रकार, प्रोग्रॅमर, लेखक, ध्वनी-कलावंत अशी दोन-अडीचशे माणसं चार-पाच वर्षं राबतात. या सगळ्या काळात आवक शून्य. खर्चात सर्वांत मोठा आकडा पगाराचा, आणि पगाराची तारीख पुढे ढकलता येत नाही. खेळाची तारीख मात्र ढकलता येते, आणि ती ढकलली जातेच. ‘कोपर्निकस’चं तेच झालं. येईल येईल म्हणता म्हणता अखेर जून २०१३ ठरला. दरम्यान कंपनी महिन्याला ४० लाख डॉलरच्या वर खर्च करू लागली होती.

सुरुवातीचा पैसा शिलिंगचा स्वतःचा. बेसबॉलमधून त्याने ११ कोटी डॉलरहून जास्त कमावले होते. कंपनीत आपले ५ कोटी गेले, असं त्याने पुढे सांगितलं. त्यामुळे ‘दुसऱ्याच्या पैशावर मजा मारली’ हा आरोप पूर्ण खरा नाही. पण बाहेरून भांडवल आणायला तो बोस्टनच्या गुंतवणूकदारांकडे गेला तेव्हा त्याला फारसं कुणी उभं केलं नाही. स्वाक्षऱ्या घेतल्या असतील, धनादेश दिले नाहीत. व्हेंचर कॅपिटलवाले अनेकदा चुकतात. पण अनुभव नसलेला मालक, पहिलाच खेळ तोही एमएमओ, समोर ब्लिझर्ड, हे पाहून ते मागे हटले यात त्यांचं काही चुकलं असं म्हणवत नाही.

याच काळात एक बरा निर्णय झाला. २००९ मध्ये ‘टीएचक्यू’ ही प्रकाशक कंपनी अडचणीत होती आणि मेरीलँड राज्यातला आपला ‘बिग ह्यूज गेम्स’ हा स्टुडिओ विकायला निघाली होती. ‘राइज ऑफ नेशन्स’ हा त्यांचा २००३ चा खेळ आपल्याकडच्या सायबर कॅफेत वेळ घालवलेल्यांना आठवत असेल. शिलिंगच्या कंपनीने हा स्टुडिओ घेतला. तिथे एका खेळाडूने एकट्याने खेळायच्या खेळाचं काम चालू होतं. त्याचा मुख्य रचनाकार केन रोल्स्टन, ‘मॉरोविंड’ आणि ‘ऑब्लिव्हियन’ या गाजलेल्या खेळांमागचा माणूस. त्या खेळावर अमालुरचं जग चढवायचं, तो आधी बाजारात आणायचा आणि लोकांना त्या जगाची ओळख करून द्यायची, अशी योजना. प्रकाशनाला ‘इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌स’ ही बलाढ्य कंपनी तयार झाली आणि तिने निर्मितीसाठी आगाऊ रक्कम दिली.

मग आलं ऱ्होड आयलंड. अमेरिकेतलं हे सर्वांत लहान राज्य. क्षेत्रफळ गोव्यापेक्षा थोडं जास्त, लोकसंख्या गोव्यापेक्षा कमी. अमेरिकेतली पाण्याच्या जोरावर चालणारी पहिली सूतगिरणी इथेच, पॉटकेटला, १७९३ मध्ये उभी राहिली. कापड गेलं, मग नकली दागिन्यांचा धंदा वाढला, तोही गेला. २०१० मध्ये बेरोजगारी १२ टक्क्यांच्या घरात होती. गिरण्या गेलेल्या जागी नवं काय आणायचं, हा प्रश्न राज्यकर्त्यांना कसा छळतो आणि त्यावर चकचकीत उत्तरं किती पटकन पटतात, हे मुंबईच्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. त्या वर्षी मार्चमध्ये शिलिंगच्या घरी निधी-संकलनाचा एक कार्यक्रम होता. तिथे राज्याचे गव्हर्नर डोनाल्ड कार्सिएरी यांची आणि त्याची गाठ पडली. मेनार्ड ज्यात येतं ते मॅसॅच्युसेट्स राज्य सोडून आमच्याकडे या, अशी बोलणी सुरू झाली.

जुलैत राज्याच्या आर्थिक विकास महामंडळाने साडेसात कोटी डॉलरच्या कर्जहमीला मंजुरी दिली. तेव्हाच्या दराने हे साधारण साडेतीनशे कोटी रुपये. बदल्यात कंपनीने प्रॉव्हिडन्स या राजधानीत यायचं आणि २०१२ अखेर ४५० नोकऱ्या निर्माण करायच्या. भागाकार केला तर एका नोकरीमागे १ लाख ६६ हजार डॉलर पडतात. महामंडळाच्या बैठकीत विरोधात एकच मत पडलं, कार्ल वाडेन्स्टेन या स्थानिक कारखानदाराचं. पैशांच्या नियोजनाबद्दलच्या आपल्या प्रश्नांना समाधानकारक उत्तरं मिळाली नाहीत, एवढंच त्यांचं म्हणणं. कंपन यंत्रं बनवणाऱ्या माणसाला व्हिडिओ गेममधलं काय कळतं, असं तेव्हा काहींना वाटलं असेल. पण प्रश्न गेमचा नव्हताच.

या कर्जाची रचना समजून घेण्यासारखी आहे. राज्याने तिजोरीतून पैसे दिले नाहीत. महामंडळाने रोखे काढले, ते गुंतवणूकदारांनी घेतले, आणि तो पैसा कंपनीला मिळाला. कंपनीने हप्ते चुकवले तर राज्याची जबाबदारी कायद्याने सक्तीची नाही, नैतिक. अमेरिकेत अशा रोख्यांना ‘नैतिक बांधिलकीचे रोखे’ असंच म्हणतात. ऐकायला सोयीचं वाटतं, पण राज्याने ही नैतिकता झुगारली तर उद्या रस्त्या-पुलांसाठी कर्ज काढताना व्याज चढं पडणार, म्हणून देणं अटळच. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. साडेसात कोटींतला बराच भाग राखीव निधी, व्याजाची आगाऊ तजवीज आणि शुल्कं यांत अडकला. कंपनीच्या हाती आले सुमारे ५ कोटी. ‘कोपर्निकस’ पुरा करायला तिला साडेसात कोटी हवे होते. म्हणजे कर्ज मिळालं त्याच दिवशी अडीच कोटींची तूट कागदावर दिसत होती. रोखे घेणाऱ्यांना ही तूट सांगितली नाही, असा ठपका पुढे २०१६ मध्ये अमेरिकेच्या रोखेबाजार नियामकाने महामंडळावर आणि वेल्स फार्गो या बँकेवर ठेवला.

राजकारणातली एक गंमत इथे नोंदवायला हवी. शिलिंग कट्टर रिपब्लिकन. सरकारने धंद्यात लुडबुड करू नये, या मताचा जाहीर प्रचारक. स्वतःच्या धंद्यात मात्र सरकारची लुडबुड त्याला चालली. आणि ज्या लिंकन चेफी यांनी २०१० च्या निवडणुकीत या कर्जावर टीका केली तेच गव्हर्नर म्हणून निवडून आले. म्हणजे ज्यांना हा व्यवहार मुळात नको होता त्यांच्याच गळ्यात त्याची राखण पडली.

२०११ च्या वसंतात कंपनी प्रॉव्हिडन्सला आली. ज्यांची जुनी घरं विकली जात नव्हती त्यांना कंपनीने सांगितलं, काळजी करू नका, घराचं आम्ही बघतो. स्थलांतराचं काम पाहणाऱ्या संस्थेमार्फत ती विकली जातील. माणसं निश्चिंत होऊन नव्या शहरात भाड्याने राहू लागली. कर्मचारी वाढत गेले, कारण नोकऱ्यांचा आकडा गाठणं ही कर्जाची अट होती. या अटीत एक उलटा परिणाम दडलेला होता. पैसे कमी पडत असलेल्या कंपनीने माणसं कमी करायची की वाढवायची? इथे करार सांगत होता, वाढवा.

७ फेब्रुवारी २०१२ ला ‘किंगडम्स ऑफ अमालुर: रेकनिंग’ अमेरिकेत विक्रीला आला. लढाई चपळ, जग रंगीत, समीक्षकांची पसंती. पहिल्या ९० दिवसांत १२ लाखांवर प्रती खपल्या, असं शिलिंगने सांगितलं. नव्या नावाच्या खेळासाठी हा आकडा लाजिरवाणा नाही. मग पैसा कुठे गेला? त्याचं उत्तर प्रकाशकाच्या आगाऊ रकमेत आहे. ऊसतोड कामगार मुकादमाकडून उचल घेतो आणि पुढचा हंगामभर आधी ती फेडण्यासाठीच कोयता चालवतो, तसंच इथे. विक्रीतून प्रकाशकाची उचल फिटेपर्यंत स्टुडिओच्या हाती काही पडत नाही. चेफी यांनी पुढे सांगितलं की खर्च भरून यायला ३० लाख प्रती विकल्या जायला हव्या होत्या. त्या आकड्यावर वाद झाले, पण १२ लाख प्रतींनी प्रॉव्हिडन्सचा एकाही महिन्याचा पगार निघाला नाही, यावर वाद नाही.

आणि ज्या बाजारासाठी सगळा खटाटोप चालला होता तो बाजारच सरकत होता. डिसेंबर २०११ मध्ये आलेल्या ‘स्टार वॉर्स: द ओल्ड रिपब्लिक’ या एमएमओमागे तर ‘स्टार वॉर्स’चं नाव होतं, तरी त्याचे वर्गणीदार काही महिन्यांत १७ लाखांवरून १३ लाखांवर घसरले, वर्ष संपायच्या आत तो फुकट खेळायला खुला करावा लागला. दरमहा १५ डॉलर भरायची सवय ओसरत होती. ‘कोपर्निकस’ दिसायला फार देखणा होता. मे २०१२ मध्ये दाखवलेल्या चित्रफितीत त्याची नगरं डोळ्यांत भरतात. पण त्या चित्रफितीत खेळताना कुणी दिसत नाही. खेळण्यातली मजा अजून आलेली नव्हती, हे शिलिंगनेही नंतर मान्य केलं.

मे महिना आला. १ तारखेला ११ लाख २५ हजार डॉलर महामंडळाला देणं होतं, ते चुकलं. १४ तारखेला गव्हर्नर चेफी पत्रकारांना म्हणाले की कंपनी तरती ठेवण्याचे प्रयत्न चालू आहेत. शिलिंगच्या मते या एका वाक्याने बोलणी करणारे गुंतवणूकदार पळाले. त्यात तथ्य असू शकतं. बुडत्या कंपनीबद्दल गव्हर्नरने तोंड उघडलं की ती आणखी वेगाने बुडते. पण १५ तारखेचे पगार त्या वाक्याने थकवले नाहीत, खातं रिकामं होतं. त्यानंतरचा प्रकार प्रहसनात शोभेल असा आहे. कंपनीने महामंडळाकडे धनादेश पाठवला, मग खात्यात पुरेसे पैसे नाहीत म्हणून तो परत घेतला, आणि दुसऱ्या दिवशी कशीबशी रक्कम भरली. राज्याचं देणं भागलं. कर्मचाऱ्यांचं राहिलं.

त्यांतले बरेच जण तरीही कामावर येत राहिले. २४ मे रोजी सर्वांना ई-मेल आला: कंपनीची आर्थिक स्थिती पाहता सगळ्यांनाच कमी करणं अटळ आहे. चार ओळींचा, सरकारी परिपत्रकाच्या भाषेतला. प्रॉव्हिडन्स आणि मेरीलँड मिळून सुमारे ३८० माणसं. अमेरिकेत आरोग्यविमा बहुधा नोकरीला बांधलेला असतो, त्यामुळे तोही गेला. ज्यांच्या घरी बाळंतपण तोंडावर आलं होतं त्यांची अवस्था कल्पनेवर सोडतो. काही जणांना आणखी एक बातमी कळली. विकली गेली असं समजून जी घरं ते विसरले होते ती विकली गेलीच नव्हती आणि त्यांचं कर्ज अजून त्यांच्याच नावावर होतं. मदत आली ती धंद्यातल्या माणसांकडूनच. देशभरच्या स्टुडिओंनी ट्विटरवर नोकऱ्यांची यादी लावली, काहींनी तर मुलाखती घ्यायला माणसं प्रॉव्हिडन्सला पाठवली.

७ जूनला दिवाळखोरीचा अर्ज दाखल झाला. देणं सुमारे १५ कोटी डॉलर, मालमत्ता सव्वादोन कोटींच्याही आत. नोव्हेंबरात महामंडळाने शिलिंग, कंपनीचे अधिकारी, बँका आणि वकील अशा सर्वांवर दावा लावला. तो चार वर्षांवर चालला आणि तडजोडींतून राज्याला सुमारे ६ कोटी १० लाख डॉलर मिळाले. व्याजासकट देणं त्याहून मोठं होतं, उरलेलं करदात्यांनी भरलं. शिलिंग आणि त्याच्या तीन सहकाऱ्यांचा वाटा २५ लाखांचा, तोही विम्यातून. पोलीस तपासात कुणावर गुन्हा दाखल झाला नाही. महामंडळाने मात्र नाव बदललं. ते आता ऱ्होड आयलंड कॉमर्स कॉर्पोरेशन आहे. शिलिंगने कर्जं फेडायला २००४ च्या अंतिम मालिकेतला दुसरा रक्ताळलेला मोजा २०१३ मध्ये लिलावात काढला. त्याचे ९२,६१३ डॉलर आले.

बिग ह्यूज गेम्समधली काही माणसं एपिक गेम्सने घेतली आणि बाल्टिमोरजवळ त्यांचा वेगळा स्टुडिओ काढला. तो वर्षभरही टिकला नाही. मग मूळ संस्थापकांपैकी ब्रायन रेनॉल्ड्‌स यांनी लिलावात जुनं नाव परत मिळवलं, आणि त्याच नावाने २०१५ मध्ये मोबाइलवर ‘डॉमिनेशन्स’ आणला, जो कोट्यवधींच्या बाता न मारता वर्षानुवर्षं चालला. अमालुरचे हक्क राज्याकडे गहाण पडून होते. सरकारी कार्यालयाच्या ताब्यात राक्षस, पऱ्या आणि दहा हजार वर्षांचा इतिहास असण्याची ही बहुधा एकमेव वेळ असावी. २०१८ मध्ये ते ‘टीएचक्यू नॉर्डिक’ने विकत घेतले, २०२० मध्ये खेळाची नवी आवृत्ती काढली आणि २०२१ च्या डिसेंबरात तिला जोडून नवा भागही आणला. ‘कोपर्निकस’ कुणी पुरा केला नाही.

त्याच २०२१ साली दिवाळखोरीचं काम पाहणाऱ्या विश्वस्ताने जुन्या कर्मचाऱ्यांचे दावे निकाली काढले. मे २०१२ च्या पगाराचे पूर्ण पैसे कुणालाच मिळाले नाहीत. नऊ वर्षांनी हाती आला तो त्या पगाराचा लहानसा हिस्सा.